ज्या चादरीवर काहीच नव्हतं

कलावंत कधी मरत नाही. तू मात्र गेल्या पंधरवड्यात परळच्या इस्पितळात, दुपारी, जेवणाची ताटं वाटून झाल्यावर मेलास. पहिलं वाक्य माझं नाही, गजा. ते तुझ्या शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब बोलले, आणि बोलताना त्यांनी उजवा हात असा काही उचलला की तो मागच्या मल्लखांबावर आपटला. तेव्हा त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो सभेच्या वृत्तान्तात येणार नाही. सबंध सभेत मनापासून निघालेला तेवढा एकच शब्द होता.

सभा व्यायामशाळेत होती. तुझा एकट्याचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तुझं डोकं कापून काढलं आणि मोठं केलं. ज्याने मोठं केलं त्याने तुझ्या कानामागची विडी पुसली, अंगात कोट चढवला आणि डोळे जरा टपोरे केले. त्यावर हार. शालूवहिनी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. बराच वेळ त्या फोटोकडे बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊजी, हे कोण?"

भाषणं पाच झाली की सहा, मला सांगता येणार नाही, कारण एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू झालेलं कळत नव्हतं. प्रत्येकाने तुझी आणि त्याची पहिली भेट सांगितली, आणि त्या भेटीत त्याने तुला काय उपदेश केला तेही. एकाने स्वतः केलेली कविता म्हटली. तिच्यात तुझं नाव कुठेच बसेना, म्हणून त्याने तुला 'रंगसूर्या' केलं. तू चौदा वर्षं दंतमंजनाच्या जाहिराती रंगवल्यास, आणि हा माणूस माईकसमोर 'हे रंगसूर्या' म्हणून डोळे पुसतो आहे. मी उठून बाहेर गेलो असतो, पण मधे दोन मिनिटं स्तब्धता लागली आणि स्तब्ध माणसांतून वाट काढता येत नाही.

स्तब्धतेनंतर ठराव आला. ज्या पडद्यावर तू 'जनताकला' साकार केलीस, तो पडदा मंडळाच्या वाचनालयात काचेच्या चौकटीत कायमचा जतन करावा आणि त्यास कोणी हात लावू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. पडदा ज्यांच्या ट्रंकेत होता त्यांचं मत विचारायचं राहून गेलं.

सभा संपल्यावर वहिनींनी मला पायरीवर गाठलं. "भाऊजी, चादर माझी आहे. माहेरून आणलेली. ती मी देणार नाही. ह्यांनी मला सांगून ठेवलंय, येत्या गणपतीत पुन्हा लावायची म्हणून. काचेत गेली तर माणसं तिच्यासमोरून जाणार कशी?"

"मग तसं आप्पांना सांगा."

"कसं सांगू? आमची खोली त्यांच्या चुलतभावाच्या नावावर आहे. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुम्ही गिरगावातले, शिकलेले. तुमचं ऐकतील."

शिकलेल्याचं कोणी ऐकतं असं समजणारी ती एकच बाई मला लालबागमध्ये भेटली. मी बोलतो म्हणालो.

या लोकांना तुझी जनताकला म्हणजे काय वाटते कोण जाणे. मला ती जवळून माहीत आहे, कारण काचेवरचं चित्र पडद्यावर टाकणाऱ्या कंदिलाच्या काचा बदलायला मी होतो. आणि त्याआधी ती कुठून आली तेही माहीत आहे. ती मुतारीतून आली.

हे मी विनोदाने म्हणत नाही. थिएटरात मध्यंतराला पडद्यावर ज्या जाहिराती दिसतात त्यांच्या तळहाताएवढ्या काचा तू रंगवायचास. छत्री, बनियन, दंतमंजन. दंतमंजनाची बाई तर इतकी सुरेख काढली होतीस की तिचे दात बघून आपले झाकून घ्यावेसे वाटत. पण तुझी काच लागली रे लागली की अख्खं थिएटर उठून मुतारीकडे धावायचं. ज्याचं चित्र लागल्याबरोबर प्रेक्षक पसार होतो, त्या चित्रकाराला प्रेक्षकाबद्दल विचार करणं भागच होतं. बाकीच्या थोर कलावंतांवर ही पाळी येत नाही, म्हणून ते करत नाहीत.

मग तो पावसाळ्यातला खेळ. छत्रीची काच लागलेली असताना एक उशिरा आलेला माणूस बाल्कनीत यंत्राच्या झोतासमोरून गेला. त्याच्या हातात उघडी छत्री होती. का उघडी होती ते तोच जाणे. त्याची सावली पडद्यावर पडली ती नेमकी तू रंगवलेल्या बाईच्या शेजारी, आणि ती बाई त्याच्या छत्रीखाली आली. थिएटर हसलं. त्या माणसाने मागे वळून बघितलं, आपणच पडद्यावर आहोत हे त्याला कळलं, आणि त्याने बाईला वाकून नमस्कार केला. टाळ्या. त्या दिवशी मुतारी ओस पडली होती. तू दुसऱ्या दिवशी गिरगावात माझ्याकडे ट्रामने आलास, चहासुद्धा न घेता म्हणालास, "वाचनालया, सापडलं."

मला तू वाचनालय म्हणायचास. मी तुला कधी काही म्हटलं नाही, फक्त सगळ्याला विरोध केला.

"चित्र अर्धं काढायचं," तू म्हणालास. "उरलेलं येणारा काढतो."

"म्हणजे मी घरी अर्धा स्वयंपाक करायचा आणि पाहुण्याला सांगायचं, बाकीचा तू रांध?"

"पंगतीत वाढायला कोण उठतं रे? पाहुणेच ना? आणि जो वाढतो तो जास्त जेवतो."

"तो जास्त जेवत नाही, शेवटी जेवतो. थंड झालेलं."

"तेच म्हणतो मी. त्याला कळतं तरी काय काय संपलं ते."

लोकांना काम नको असतं, खुर्ची हवी असते. मी ते सांगितलं. तू म्हणालास, लोक म्हणजे कोण? मी म्हणालो, मी. तू म्हणालास, तुला काम आहे, तू काचा बदलायच्यास.

तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या गोळीबारानंतरचा पहिला गणपती होता. त्या वर्षी प्रत्येक मंडळात शिवाजी महाराज दिल्लीकडे बोट करून उभे होते. एका ठिकाणी दिशा चुकून त्यांनी भायखळ्याच्या भाजीबाजाराकडे बोट केलं होतं. तुमच्या मंडळात मात्र गणपतीच्या मागे ताडपत्रीचा बोगदा आणि त्यात एका टोकाला ही पांढरी चादर. दुसऱ्या टोकाला थिएटरातून मागून आणलेला जुना कंदील, त्यामागे तू आणि मी. काचा तीन. पहिलीत लालबागचा रस्ता, दुकानं बंद, आणि अंगावर येणारी पोलिसांची गाडी. दुसरीत तीच गाडी लांब. तिसरीत रस्ता मोकळा. लोक कंदिलासमोरून जाणार, त्यांच्या सावल्या त्या रस्त्यावर पडणार. चादरीमागे शाहीर धोंडू डफ घेऊन बसलेला. तो घोषणा देणार, लोक ओरडून उत्तर देणार, आवाज पुरेसा झाला की मी काच बदलणार आणि गाडी मागे हटणार. आवाज पुरेसा झाला की नाही हे मी ठरवायचं होतं. आयुष्यात मला दिलेली ती एकमेव सत्ता.

पहिल्या संध्याकाळी काय झालं ते शोकसभेत कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. लोक गणपतीच्या रांगेतून आत आले. चपला हातात, समोर अंधारात उजेड. त्यांनी जे कोणीही केलं असतं ते केलं. हात जोडले. चादरीवर पोलिसांची गाडी अंगावर येते आहे आणि तिच्यासमोर आख्खा गिरणगाव हात जोडून उभा. तू कपाळावर हात मारलास. तेवढ्यात मागून धोंडूने डफावर थाप मारली आणि सगळा दम एकवटून आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...!"

आणि लोक एका सुरात ओरडले, "मोरया!"

गणपतीच्या मांडवात कुणीही काहीही ओरडलं की उत्तर एकच असतं. धोंडूने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मोरया. आवाज मात्र पुरेसा होता, काच बदलणं मला भाग होतं. गाडी मोरयाने मागे गेली. तू कंदिलाचा खांब धरून हसत होतास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे, हे आंदोलन आहे की आरती?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? चित्र त्यांचं आहे, त्यांना विचार."

दोन-तीन दिवसांत लोकांना आपल्या सावलीचा पत्ता लागला. मग जे सुरू झालं ते बघून मला शिसारी आली, आणि आजही आली असती. कुणी कोंबडा करतो, कुणी हरीण. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन एक बाई आली तर पाटीचा मुकुट झाला आणि पोरी तिला मुजरे करू लागल्या. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या एकाला कळलं की कंदिलाच्या जवळ आलं की सावली मोठी होते. त्याने हात यंत्राच्या तोंडाशी आणला आणि चादरीवर चिमटीत गाडी धरली. "गाववाल्यानू, बघा!" म्हणून ती उचलून फेकली. नेमकी त्याच वेळी मी काच बदलली. खरं सांगायचं तर ती मी मुद्दाम बदलली. मग काय, दुसऱ्या दिवसापासून गाडी फेकायला रांग. गणपतीला कमी वेळ, गाडीला जास्त.

आप्पा स्वयंसेवकाचा बिल्ला लावून आत आले ते तापलेले. तेव्हा ते आप्पासाहेब झाले नव्हते. "गजा, ही थट्टा बंद कर. माणसं मेली आहेत आपली. मी दोरी बांधतो. लोकांनी दोरीच्या बाहेरून शिस्तीत बघायचं."

"दोरी बांधली तर सावली पडणार नाही, आप्पा. मग चादरीवर उरेल काय? पोलिसांची गाडी."

"तेच दाखवायचंय. अन्याय."

"तो त्यांनी बघितलाय. त्यासाठी रांग कशाला?"

मी त्या वादात आप्पांच्या बाजूने होतो, हे तुला माहीत होतं. मला वाटत होतं की दुःखाची अशी जत्रा करू नये. अजून वाटतं. त्या भाजीवालीला कुणी विचारलं नव्हतं की तुला तिथे राणी व्हायचंय का. पण दोरी काही बांधली गेली नाही, कारण ती आणायला गेलेले दोघे वाटेत गाडी फेकायच्या रांगेत उभे राहिले.

आणि मग वरळीच्या बीडीडी चाळीतून ती म्हातारी आली. सोबत शेजारीण. शेजारणीनेच तुला कानात सांगितलं की हिचा मुलगा गोळीबारात गेला. म्हातारी चादरीसमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत, हलली नाही, ओरडली नाही. धोंडूला मागे बसून काही दिसत नव्हतं, त्याने घोषणा दिली. उत्तरच आलं नाही. म्हातारीची सावली बारकी, गाडीच्या पुढच्या चाकाएवढी. तिने मान वळवून उजेडाकडे बघितलं. आपण दोघे तिला दिसत नसणार, तरी तुझ्याकडेच बोलल्यासारखी बोलली, "ती गाडी काढ रे थंयसून, पुता."

आवाज पुरेसा नव्हता. मी नियमाप्रमाणे थांबलो. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मग हात घालून काच सरळ बाहेर ओढलीस. दुसरी घातली नाहीस. गाडी गेली, रस्ता गेला, दुकानं गेली. नुसती पांढरी चादर आणि तिच्यावर ती एकटी. काच तापलेली होती, तुझ्या बोटाला फोड आला तो विसर्जनापर्यंत होता.

मग मागचे लोक एकेक करून पुढे आले आणि तिच्या बाजूला उभे राहिले. कुणी कोंबडा केला नाही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. धोंडू चादर बाजूला करून बाहेर आला, त्याने बघितलं, डफ खाली ठेवला आणि तोही जाऊन उभा राहिला. कंदिलाजवळ आपण दोघेच राहिलो. त्या बोगद्यात बघणारे म्हणावेत असे फक्त आपणच, ज्यांनी देखावा केला होता ते.

त्या दिवसापासून रोज दिवे लागताना तू थोडा वेळ बिनकाचेचा कंदील लावायचास. आप्पांनी विचारलं, "काच बिघडली का?" हेच आप्पा परवा माईकवर म्हणाले की रिकाम्या पडद्याची कल्पना त्या कलामहर्षीला त्यांनीच सुचवली होती. आता महाराष्ट्राचं राज्य येणार म्हणतात. आप्पांनी नवीन कोट शिवायला टाकला आहे. तुझ्या फोटोला चढवलेला कोट आणि तो एकाच कापडातले असावेत.

म्हातारी आली त्या रात्री घरी परतताना मी तुला म्हणालो होतो, "आजचं जे झालं ते कला नव्हती. ती आई होती." तू म्हणालास, "मग कला काय असते?" मी म्हणालो, "पुस्तकात बघून सांगतो."

पुढची वर्षं तू मला ट्रामच्या थांब्यावर, थिएटरच्या जिन्यात, दादरला माझ्या मेहुणीच्या लग्नात भर पंगतीत विचारत राहिलास, "सापडलं का?" इस्पितळातसुद्धा. फिनेलचा वास, बाजूच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक त्याच्यासमोरच त्याच्या वाटणीच्या खोलीबद्दल भांडत होते, आणि तू तापाने लाल झालेले डोळे उघडून विचारलंस, "सापडलं का रे?" त्या दिवशी मी तयारी करून आलो होतो. तोंड उघडलं, तर नर्सने तुझ्या तोंडात थर्मामीटर घातलं आणि मला बाहेर काढलं. मी दुसऱ्या दिवशी येणार होतो.

उत्तर काही विशेष नव्हतं. पुस्तकातलं नव्हतं. एवढंच, की तू नसतास तर मी काच काढली नसती. आवाज पुरेसा नव्हता म्हणून उभा राहिलो असतो. तुझ्याशी मी इतकी वर्षं प्रेक्षकाबद्दल भांडलो, आणि तेव्हा समोर कोण उभं आहे हे तुला दिसलं. मला नियम दिसला. ते तुला सांगितलं असतं तर तू खूश झाला असतास, आणि मग मला ते आयुष्यभर ऐकवलं असतंस. आयुष्यभर म्हणजे अजून एक दिवस. मी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं.

असो. आप्पांशी मी बोललो. वाचनालयाच्या खोलीत सुतार चौकटीला पॉलिश मारत होता.

"आप्पासाहेब, त्या चादरीवर काही नाही. ती पांढरी आहे."

"तेच तर तिचं मोठेपण," ते म्हणाले. "तुम्ही लोक पुस्तकं वाचता, पण तुम्हाला दृष्टी नाही."

"गजाची इच्छा होती ती पुन्हा लावावी. लोकांसाठी."

"लोकांसाठीच लावतोय. लोक येतील, बाहेरून दर्शन घेतील. आता तो पडदा गजाननरावांचा राहिला नाही, महाराष्ट्राचा झाला. वहिनींना सांगा, शनिवारपर्यंत धुऊन, इस्त्री करून पाठवा. आणि खोलीची काळजी करू नका म्हणावं. बघतो मी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारलं की मला हात धुवावेसे वाटले.

मी वहिनींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्या रडतील. त्या स्टोव्हला पिन मारत होत्या. पिन मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडे एखादी जुनी पांढरी चादर असेल का हो? मोठी. डबल."

"असेल. का?"

"असली तर द्या," त्या म्हणाल्या. "आणि इस्त्री करून द्या. साहेबांना इस्त्री लागते."

वहिनींकडून शिकून तू कलावंत झालास की काय असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तेव्हा तुला कळवायचं ते असं. तुझी चादर ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. कंदिलाचं थिएटरवाल्यांशी बोलणं झालं आहे. गणपतीत ती गिरगावात आमच्या चाळीच्या पटांगणात लागेल. तिथे आप्पांचं राज्य नाही. धोंडू येतो म्हणालाय. वरळीला निरोप पाठवला आहे. काचा बदलायला मी आहे, आणि न बदलायलाही.

मंडळाच्या वाचनालयात काच बसवून झाली. उद्घाटनाला मी गेलो होतो, वहिनीही होत्या. आप्पासाहेबांनी फीत कापली आणि पाहुण्यांना चौकटीच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याशी नेलं. तिथे कापडावर दोन आडव्या रेघा आणि एक टिंब आहे, काळपट. ती कलावंताची सही, असं त्यांनी सांगितलं. पाहुण्यांनी चष्मा लावून ती बघितली आणि एकाने काचेवर फूल वाहिलं. ती आमच्या धोब्याने बिब्ब्याने घातलेली खूण आहे.